कॅनव्हासच्या उशीवर जास्वंद आणि अळूची पानं भरायचीत, कुठले टाके घेऊ?
उशी रोज वापरात राहणार ना, मग जास्वंदीच्या पाकळ्यांना लांबलचक सॅटिन टाका (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेजारीशेजारी घातलेले सरळ टाके) नको, दोरा कशातही अडकून ओढला जातो, त्यापेक्षा लांब-आखूड टाका घ्या, मध्याकडे गडद लाल आणि कडेला फिका, शेड फार सुंदर उतरते. तुऱ्याच्या टोकाला पिवळे फ्रेंच नॉट (दोरा सुईला गुंडाळून घातलेल्या छोट्या गाठी).

अळूच्या पानाला मात्र फिशबोनच, म्हणजे माशाच्या काट्यासारखा टाका! मधल्या शिरेपासून दोन्हीकडे तिरपे टाके जातात त्यामुळे पानाला उठाव येतो, पावसात परसात दिसतं ना तसंच. शीर शेवटी देठ टाक्याने (दोरीसारखी रेघ दिसणारा टाका) काढा.

बॅकग्राउंड बास्केटवीवने (कोपऱ्याकडून तिरप्या रांगांत घातलेले छोटे तिरपे टाके, मागून विणल्यासारखे दिसतात) भरा, साध्या आडव्या ओळीओळीने तिरपे टाके घातले की कॅनव्हास तिरका ओढला जातो. आणि आपल्या कोकणातल्या दमट हवेत भरतकामाच्या लोकरीला बुरशी येते हो, पावसाळ्यात काम गुंडाळून ठेवताना पूर्ण कोरडं असू दे.