आधी कोणता सिलिंडर चुकतोय ते विचारा, पंपाचं नंतर बघू

चढावर रेस दिली की गाडी झटके घेते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, गॅरेजवाला फ्युएल पंप बदला म्हणतो, बदलू का, असं तुम्ही विचारलंय. नका बदलू. प्रेशर गेज लावून पेट्रोलच्या दाबाचा आकडा समोर दाखवेपर्यंत तर अजिबात नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर माझ्या गाडीने अगदी हेच केलं. तिसरा गिअर, मागे ट्रकची रांग, मुलगी झोपलेली, आणि पाय दाबला की गाडी पुढे जायच्या ऐवजी ढकलल्यासारखी हिसके देतेय. न्यूट्रलला उभी करून रेस दिली तर काहीच नाही, एकदम गोड आवाज. पुढच्या दीड महिन्यात सर्व्हिस सेंटरच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली, मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, मग फ्युएल पंप नवा टाकला. १४,३०० रुपये गेले आणि झटके होते तिथेच राहिले.

आमचे अण्णा एसटीच्या डेपोत ३१ वर्षं इंजिनावर होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "एक सिलिंडर झोपतोय, आधी तो शोध." तेव्हा जेवणाच्या ताटावर आमचे भाऊजी बोलले की अण्णांनी जन्मभर डिझेल केलं, कॉम्प्युटरच्या पेट्रोल गाडीतलं त्यांना काय कळणार. मी गप्प बसलो. अण्णा ताट उचलून आत गेले. ते मला अजून लागतं.

पंप टाकूनही गाडी सुधारली नाही तेव्हा मी साताऱ्याला जाऊन गाडी त्यांच्यासमोर उभी केली. त्यांनी सायलेन्सरच्या नळीमागे तळवा धरला. एव्हाना उभ्या गाडीतही फटफट एकसारखी येता येता मध्येच एक ठोका चुकत होता. डेपोत ते डिझेल इंजिनाच्या एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायचे. ज्याचा ढिला करूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर कामातून गेलेला. मला म्हणाले, "तुझ्या गाडीत नट नाही, पण वायर आहे ना?" मग इंजिन बंद करून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं, चालू करून ऐकायचं, बंद करून परत लावायचं. पहिला, दुसरा, चौथा काढला की इंजिन लंगडायचं. तिसऱ्याला काहीच फरक नाही! मग तिसऱ्याची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग, पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली, तर लंगडेपणा पहिल्यावर आला. कॉइलच्या रबरी नळीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती. ठिणगी प्लगच्या टोकाशी न पडता तिथून इंजिनाच्या बॉडीला निसटत होती. नवी कॉइल १,९०० रुपयांना मिळाली.

चढावरच का, तर लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. दुबळी कॉइल नेमकी तिथे हरते. म्हणून न्यूट्रलला रेस देऊन "गाडी ओके आहे" म्हणणाऱ्या माणसाकडून गाडी परत घेऊन या.

तुम्ही स्कॅनर लावून कोड लिहून घ्या. पी ०३०१ ते ०३०४ यांतला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याची, गती मध्येच अडखळली की ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) हा कोड टाकतो, म्हणजे अण्णांच्या तळव्याने जे पकडलं तेच. पण कोड सिलिंडर सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. कॉइलची अदलाबदल करा. कोड कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर दोष कॉइलचा, नाही तर तशीच प्लगची अदलाबदल करून बघा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब धरतो का ते. पंप सगळ्या सिलिंडरना पेट्रोल देतो, तो एकट्या तिसऱ्यावर कशाला रुसेल? भाऊजी आजही म्हणतात की पंपानेच निम्मं काम झालं होतं. हा साधा प्रश्न मी त्यांना चार वेळा विचारलाय, उत्तर आलेलं नाही.

पी ०३०० आला, म्हणजे चुकणारा सिलिंडर नक्की ठरत नसेल, आणि सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागत असेल, तर मात्र पंपाचा संशय रास्त आहे. इंजिनाला जोडलेली व्हॅक्यूमची नळी फाटून जादा हवा आत जात असली तरी असंच होतं, ती आधी बघा.

दिवा लुकलुकत असताना गाडी ताणू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो वितळतो, त्याच्या किमतीत दहा कॉइल येतील. चालू इंजिनावर कॉइलला हात लावू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. आणि गाडीला सीएनजी असेल तर ते तुम्ही लिहायला हवं होतं, कारण सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर झटके असं असलं, तरी किट उघडू देण्याआधी प्लग आणि कॉइल तपासून घ्या.