एकट्याने शिकारीला जाऊन स्वतःचं चित्रण करायचं आहे, कोणता कॅमेरा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता, मचाणावर एकटेच बसता, आणि या हंगामापासून सगळं चित्रित करायचं आहे. कॅमेरा सगळ्यात शेवटी ठरवा. मी आधी कॅमेरा घेतला, बाकीचं मागाहून शिकलो, आणि त्या शिकण्यात एक हरीण वाया गेलं. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

मला शिकार दाजींनी शिकवली, थोरल्या बहिणीच्या यजमानांनी. रक्ताचा माग काढण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कॅमेरा आणला त्या दिवशीच ते म्हणाले होते, "मचाणावर माणसाला दोनच हात असतात आणि दोन्ही धनुष्याला लागतात. तिसरा कुठून आणणार आहेस?" मी ऐकलं नाही. चार वर्षं झाली, आमचा तो वाद अजून मिटलेला नाही.

त्या दिवशी दुपारपासून बसलो होतो. झाडाला पट्ट्याने आवळलेला आर्म, त्यावर फ्लुइड हेड, म्हणजे कॅमेरा अलगद फिरवायची दांडा असलेली बैठक, त्यावर कॅमेरा. नर उजवीकडच्या वाटेने येणार असं धरून सगळी मांडणी केलेली, आणि उजेड उतरायला लागल्यावर तो आला डावीकडून. आर्म फिरवताना हेडचा दांडा जाकिटाच्या बाहीत अडकला. तो सोडवला तर ऑटोफोकसने समोरची एक वाळकी काटकी धरली. स्क्रीनवर काटकीची सालसुद्धा दिसतेय आणि मागे हरीण म्हणजे नुसता तपकिरी डाग. मी फोकस हाताने घेतला, रेकॉर्डिंगचा लाल ठिपका पाहिला, पुन्हा एकदा पाहिला, आणि मग धनुष्य ओढलं. तेवढ्यात नर दोन पावलं पुढे येऊन जरा तिरका झाला होता. मला ते दिसलं होतं. तरी बाण सोडला, कारण फोकस अखेर लागला होता. आता हे लिहितानाही पोटात कालवतं.

आवाज आला, नर उसळला, झाडीच्या कडेपर्यंत धावला, तिथे थांबला, मग चालत आत गेला. मी कॅमेरा त्याच्यामागे फिरवत होतो. म्हणजे पाहत होतो ते स्क्रीनकडे, जनावराकडे नाही.

दाजी पलीकडच्या मचाणावरून आले. बाण सापडला नाही, तो जनावराबरोबरच गेला होता. जमिनीवर रक्ताचे चार थेंब, तेही टॉर्चच्या उजेडात. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "थांबला तेव्हा पाठ कुबडली होती का?" मी म्हटलं, नाही. खरं तर मला माहीतच नव्हतं. मग आम्ही दोघांनी कॅमेऱ्याच्या 3 इंची स्क्रीनवर पुन्हा पाहिलं. बाणाच्या जागी पांढरी रेघ दिसली आणि मला ती खांद्यामागे, अगदी फुफ्फुसाच्या जागी गेलेली दिसली. जे हवं होतं ते दिसलं. फुफ्फुसाचा वार म्हणजे अर्धा तास पुरे. अर्ध्या तासाने निघालो.

शंभरेक मीटरवर ते उठून पळालं. बसलेलं होतं तिथलं गवत दबलेलं, ऊबदार. दाजींनी गुडघ्यावर बसून दोन बोटांनी रक्त उचललं आणि वास घेतला. काळपट, त्यात हिरवट कण. वार पोटात होता. ते फक्त म्हणाले, "मागे फिर." रात्र उबदार होती. दुसऱ्या दिवशी दुपारी हरीण सापडलं, बसल्या जागेपासून सहाशे मीटरवर, आणि मांस वाया गेलेलं. पहिल्यांदा जिथे बसलं होतं तिथेच त्याला पडून राहू दिलं असतं, तर पहाटे तिथेच मिळालं असतं. पोटाच्या वाराला 8 ते 12 तास थांबायचं असतं, यकृताच्या वाराला 4 ते 6. हे तुम्हाला माहीत असेलच. मलाही माहीत होतं.

घरी येऊन मोठ्या पडद्यावर लावलं तेव्हा सगळं होतं त्यात. कडेला थांबल्यावर पाठ कुबडलेली, शेपूट आत ओढलेली, पावलं आखडून टाकलेली. ध्वनीतसुद्धा होतं. छातीवर बाण लागल्याचा आवाज पोकळ येतो, हा ओला, थप्प असा होता. कॅमेऱ्याने खरं सांगितलं होतं, मला वाचता आलं नाही.

दाजी म्हणाले, पुसून टाक. जनावराचे हाल झाले, आता त्याचा तमाशा नको. मी पुसलं नाही. पुढच्या हंगामात आमच्याबरोबर दोन नवी मुलं यायला लागली, त्यांना ते दाखवलं, पोटाला वार लागलेलं जनावर कसं उभं राहतं ते कळावं म्हणून. दाजींना ते लागलं. त्यांचं म्हणणं, कॅमेरा नसता तर तुझे डोळे जनावरावर असते आणि बाण सुटलाच नसता. पहिला अर्धा भाग मी मान्य करतो. पण म्हणून कॅमेरा फेकून द्यायचा, हे मला कधीच पटलं नाही. 1882 साली एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला होता. खांद्याला लावून उडत्या पक्ष्यावर रोखायचा, घोडा दाबला की सेकंदाला 12 चित्रं. डोळ्याला पकडता येत नाही ती पंखांची हालचाल पाहायला बनवला होता तो. शिकारीत कॅमेऱ्याचं काम मी तेवढंच मानतो. शिंगं हातात धरून हसण्यासाठी साधा फोन पुरतो.

आता तुमचा प्रश्न. माझा बाण सेकंदाला साधारण 85 मीटर जातो, म्हणजे 20 मीटरवरच्या हरणापर्यंत पाव सेकंदही लागत नाही. सेकंदाला 25 फ्रेमने चित्रण केलंत तर बाण सुटून लागेपर्यंत हातात जेमतेम 6 फ्रेम येतात. शटर 1/50 सेकंद उघडं राहत असेल तर तेवढ्यात बाण 1 मीटर 70 सेंटिमीटर सरकतो. माझी ती पांढरी रेघ हीच. सिनेमासारखं दिसावं म्हणून फ्रेमच्या दुप्पट शटर ठेवा हे सगळे शिकवतात, आणि बाणाच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे. 120 फ्रेम आणि 1/500 शटर ठेवलं तर 28 फ्रेम मिळतात आणि प्रत्येकीत बाण 17 सेंटिमीटरच पसरतो. कुठे लागला ते दिसतं. अर्थात याला उजेड लागतो, आणि हरीण येतं नेमकं उजेड नसताना. मी उतरत्या उजेडात 50 फ्रेम आणि 1/200 वर येतो. बाणाच्या शेपटीला पेटणारा नॉक, म्हणजे दोरीत अडकणारा दिव्याचा तुकडा, लावला की एवढ्यावरही काम भागतं.

म्हणून 1 इंची सेन्सरचा, लांब ऑप्टिकल झूमचा कॅमकॉर्डर घ्या. मिररलेस कॅमेऱ्याचं चित्र सुंदर येतं, पण एकट्या माणसाने मचाणावर त्याच्या नादी लागू नये. मोठा सेन्सर आणि उघडी लेन्स म्हटलं की फोकसची खोली इतकी कमी होते की हरणाने एक पाऊल टाकलं तरी तुम्ही पुन्हा फोकसच्या मागे. दुसरा साथीदार कॅमेरा धरत असेल तर गोष्ट वेगळी. छोटे ॲक्शन कॅमेरे स्वतःवर रोखायला ठीक आहेत, एक डोक्यावरच्या फांदीला लावून ठेवा. त्यांच्या रुंद लेन्समध्ये 20 मीटरवरचं हरीण मांजराएवढं दिसतं, तेव्हा मुख्य कॅमेरा म्हणून उपयोग नाही. धनुष्यावर बसवायचे कॅमेरे घेऊच नका. बाण सुटताना चित्र थरथरतं, आणि त्याहून वाईट म्हणजे चित्रणासाठी शस्त्र रोखून धरायची सवय लागते.

पैसे कमी असतील तर कॅमेऱ्यात वाचवा, आर्म आणि हेडमध्ये वाचवू नका. आर्म समपातळीत नसेल तर कॅमेरा आपोआप एका बाजूला घरंगळतो आणि तुमचा एक हात त्यातच अडकतो. बसल्यावर धनुष्य पूर्ण ओढून डावीकडून उजवीकडे फिरून पाहा, कुठेही आर्मला टेकता कामा नये. दांड्याला आता मी कापड गुंडाळतो, बाहीसाठी.

फोकस हाताने. बसल्याबरोबर 20 मीटरवरच्या एखाद्या बुंध्यावर घ्या आणि सोडून द्या. झूम जितका करावासा वाटतो त्याच्या निम्मा करा. चौकटीत जनावराच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहू द्या, म्हणजे ते हललं तरी कॅमेऱ्याला हात लावावा लागणार नाही. रेकॉर्डिंग सुरू होताना वाजणारी बीप बंद करा, पुढचा लाल दिवा काळ्या टेपने झाका, स्क्रीन शक्य तितकी मंद करा, कारण संध्याकाळी ती तुमचा चेहरा उजळते. माइकवर केसाळ कव्हर हवंच. वाऱ्यात वाराचा आवाज बुडाला तर अर्धा पुरावा गेला. बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात, जादाच्या अंगाशी, आतल्या खिशात ठेवा.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. संध्याकाळी कॅमेरा गेन, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवून चित्र उजळ करतो, त्यामुळे स्क्रीनवर बघून वाटतं की अजून भरपूर उजेड आहे. उजेड धनुष्याच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या, पिनमधून, स्वतःच्या डोळ्याने जोखायचा. पिनमधून खांदा नीट दिसत नसेल तर स्क्रीनवर कितीही स्वच्छ दिसो, संध्याकाळ संपली.

आणि माझा नियम, जो मी त्या हरणानंतर केला: जनावर 40 मीटरच्या आत आलं की कॅमेऱ्याला हात नाही. तोपर्यंत चौकट बसली तर बसली. नसेल तर चित्रण नाही, आणि बाणाची वेळ त्यासाठी एका क्षणानेही पुढेमागे होणार नाही. बाण सुटल्यावर डोळे जनावरावर, कॅमेरा चालू सोडून द्या. किमान दहा मिनिटं बंद करू नका, झाडीत पडल्याचा आवाज कधी कधी त्यातच मिळतो. मग खाली उतरायच्या आधी, वरच बसून, टॅब्लेटवर फ्रेम फ्रेम पुढे सरकवत पाहा. 3 इंची स्क्रीनवर कधीच नाही. शंका आली की जास्तीचे तास थांबायचं.

हेही आधीच सांगायला हवं होतं: पहिला पूर्ण महिना फक्त निशाणाच्या फळीवर चित्रण करा, मचाणावर बसूनच, जाकीट, हातमोजे, सगळं घालून. हात आंधळेपणाने चालायला लागले की मगच रानात. चढताना सामान अंगावर घेऊ नका, जमीन सोडल्यापासून पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा झाडाला अडकवलेला ठेवा, आणि वर बसल्यावर सामान दोरीने ओढून घ्या. तुमच्याकडे शिकार परवान्याने चालते आहे हे मी धरून चाललोय. जिथे बंदी आहे तिथे यातलं काहीच लागू नाही, फक्त कॅमेरा घेऊन बसा. ड्रोन आणि रात्री दिसणारी उपकरणं शिकारीत बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, नियम वाचून घ्या. आणि हे सगळं हरणापुरतं आणि धनुष्यापुरतं आहे, बंदुकीच्या चित्रणाचा मला अनुभव नाही.

दोन हंगामांपूर्वी पुन्हा तसाच प्रसंग आला. मला वाटलं वार चांगला आहे. मचाणावरच टॅब्लेट काढला, आणि तिसऱ्यांदा मागेपुढे केल्यावर दिसलं की पेटलेला नॉक वीतभर मागे आहे आणि पाठ हलकेच कुबडतेय. दाजींना फोन करून म्हटलं, सकाळी जाऊ. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, ते गप्प राहिले. रात्री चांगलीच थंडी पडली. सकाळी ते हरीण पहिल्याच जागी, दीडशे मीटरवर मिळालं, मांस उत्तम. दाजींनी सोलायला घेतलं, कुठे लागलंय ते पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं थांबलास." कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही.

पहिल्या हरणाची ती फाइल मी अजून ठेवली आहे. ते अजूनही म्हणतात, पुसून टाक.