निक्सनने चीनला रशियापासून फोडलं, तसं आता अमेरिका रशियाला चीनपासून फोडू शकेल का?

‘फोडलं’ या शब्दावरच माझा आक्षेप आहे. अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन १९७२ च्या फेब्रुवारीत पेकिंगला (आजच्या बीजिंगला) उतरला तेव्हा रशिया आणि चीन यांचं फाटून बारा वर्षं झाली होती. त्याचा सल्लागार किसिंजर याच्या चातुर्याच्या कथा लोक फार रंगवून सांगतात. त्या फुटीपायी माझ्या आईच्या नऊ भाऊबीजा रिकाम्या गेल्या, म्हणून या विषयावर मला गप्प बसवत नाही.

वडील साताऱ्याकडचे. त्यांना मुंबईला आणलं अण्णामामाने, म्हणजे आईच्या थोरल्या भावाने. काळाचौकीला स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं, गिरणीत बदलीवर लावलं, लाल बावट्याच्या युनियनमध्ये नेलं आणि पुढे आपली बहीणही दिली. दोघेही कट्टर कम्युनिस्ट. आमच्या वह्यांना ‘सोव्हिएत लँड’ या रशियन प्रचाराच्या नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं असायची, मामाच्या मुलांच्याही.

१९६२ ची दिवाळी ऐन भारत-चीन युद्धात आली. भाऊबीजेला मामा आला आणि पाटावर बसायच्या आधीच त्याची वडिलांशी जुंपली. मामा चीनच्या बाजूचा, आणि त्याच्याकडे मोठा आधार होता. २५ ऑक्टोबरला ‘प्रावदा’ने, म्हणजे रशियाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने, सीमेबद्दलच्या चीनच्या प्रस्तावाची बाजू घेतली होती आणि भारत जिला सीमा मानतो त्या मॅकमहोन रेषेला नावं ठेवली होती. “मॉस्कोच म्हणतंय, दाजी. आता बोला.” वडिलांकडे उत्तर नव्हतं. उत्तर आठवड्याभरात आपोआप आलं. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून रशियाची अमेरिकेशी गाठ पडली होती आणि अशा वेळी रशियाचा नेता क्रुश्चेव्ह याला चीन पाठीशी हवा होता. २८ ऑक्टोबरला तो पेच सुटला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच ‘प्रावदा’चा सूर बदलला: लढाई थांबवा, बोलणी करा. ज्या भारताला मिग विमानं द्यायचं त्याच वर्षी ठरलं होतं (ती पुढे आपल्या नाशिकजवळ ओझरला बनू लागली), त्याला रशियाने दहा-बारा दिवस वाऱ्यावर सोडलं आणि मग पुन्हा हात धरला. महासत्तांची मैत्री कशी असते ते समजायला हे दहा-बारा दिवस पुरेसे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

१ नोव्हेंबरला भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चीनच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव केला. तो शाखेत वाचला गेला तेव्हा वडिलांनी हात वर केला, मामाने केला नाही. त्यानंतर धरपकड झाली, तीत मामा आत गेला. कित्येक महिन्यांनी सुटला, पण आमच्या चाळीचा जिना पुढे कित्येक वर्षं चढला नाही. १९६४ च्या एप्रिलमध्ये ३२ जण परिषदेतून उठून गेले आणि वर्ष संपेपर्यंत दोन पक्ष झाले. वडील डांग्यांबरोबर मूळ पक्षात राहिले, मामा मार्क्सवादी पक्षात गेला. दर भाऊबीजेला आई ताट तयार करायची आणि संध्याकाळी चंद्राला ओवाळून ते आत ठेवायची.

मोठेपणी मी तिला विचारलं, एका चीनवरून एवढं? ती म्हणाली, “चीन नंतर आला रे. साठ साली गिरणी कमिटीत अण्णाच्या जागी ह्यांना घेतलं. ज्याला बोट धरून आणला तो पुढं गेला, ते अण्णाला सोसलं नाही. आणि ह्यांनीबी एकदा जाऊन विचारलं नाही.”

मॉस्को-पेकिंगचंही मला असंच दिसतं. डिसेंबर १९४९ मध्ये माओ मॉस्कोला गेला. नुकताच चीन जिंकून आलेला माणूस, पण स्टालिनने त्याला ताटकळत ठेवलं. दोन महिने तो तिथे होता. १४ फेब्रुवारी १९५० ला ३० वर्षांचा मैत्री करार झाला, ३० कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. स्टालिन असेपर्यंत माओने धाकटेपण मान्य केलं. १९५३ मध्ये तो गेल्यावर क्रुश्चेव्हला थोरला मानायची माओची तयारी नव्हती. १९५६ मध्ये क्रुश्चेव्हने पेकिंगला न विचारता स्टालिनचे वाभाडे काढले. १९५८ मध्ये रशियाने चीनच्या किनाऱ्यावर लष्करी रेडिओ केंद्र आणि दोघांचा मिळून पाणबुड्यांचा ताफा उभारायचं सुचवलं, त्यावर माओ भडकला, कारण त्याला त्यात परकी सत्ता पुन्हा किनाऱ्याला लागताना दिसली. १९५९ मध्ये रशियाने अणुबाँबचा नमुना द्यायचं नाकारलं. त्याच सप्टेंबरमध्ये भारत-चीन सीमेवरच्या चकमकीबद्दल मॉस्कोने तटस्थ निवेदन काढलं आणि एका कम्युनिस्ट देशाला बिगरकम्युनिस्ट देशाच्या बरोबरीला बसवलं म्हणून चीनला ते फार झोंबलं. जुलै १९६० मध्ये क्रुश्चेव्हने १३०० हून जास्त तज्ज्ञ एकदम परत बोलावले. ते आराखडेही घेऊन गेले, कारखाने अर्धवट राहिले.

म्हणजे तत्त्वज्ञान एक, शत्रू एक, करार लेखी, आणि तरीही हे झालं. म्हणून ‘देशांना कायमचे मित्र नसतात, कायमचे हितसंबंध असतात’ हे वाक्य कोणी फेकलं की मला राग येतो. १९६० मध्ये दोघांचंही हित एकत्र राहण्यातच होतं. मान आडवा आला.

पुढे मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या दमान्स्की बेटावरून, ज्याला चिनी लोक झेनबाओ म्हणतात, दोघांनी एकमेकांची माणसं मारली. बर्फात अडकलेला रशियाचा टी-६२ रणगाडा चिन्यांनी ओढून नेला, तो आजही पेकिंगच्या लष्करी संग्रहालयात आहे. त्यानंतर माओला रशियाची धास्ती अमेरिकेपेक्षा जास्त वाटू लागली. निक्सन आला तो या उघड्या दारातून. दार त्याने ओळखलं एवढं श्रेय त्याला जरूर द्यावं.

ती बातमी आली १६ जुलै १९७१ ला. किसिंजर पोटदुखीचं निमित्त सांगून पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला जाऊन आला होता, आणि आता निक्सन स्वतः जाणार होता. मी १४ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी वडील पाळीवरून आले, पेपर काखेत मारला आणि मला म्हणाले, “चल.” नऊ वर्षांनी ते मामाच्या दारात उभे राहिले. पाऊस होता, छत्रीतून पाणी गळत होतं, आणि मामीला त्यांना आत या म्हणावं की नाही ते कळेना. वडिलांनी पेपर मामापुढे ठेवला. “अण्णा, वाचा.” मामाने तो दोनदा वाचला. मग घडी घालून परत दिला आणि म्हणाला, “पेपर भांडवलदारांचा आहे, दाजी.” त्याचा आवाज मात्र पडला होता. वडील तसेच वळले. वाटेत मला म्हणाले, “जिंकलो.” आई घरी काही बोलली नाही.

तीन आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, दिल्लीत स्वर्णसिंग आणि ग्रोमिको या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी भारत-सोव्हिएत करारावर सह्या केल्या. डिसेंबरच्या युद्धात सुरक्षा परिषदेत रशियाचे नकाराधिकार आपल्या कामी आले आणि वडिलांची मान ताठ झाली. मग मे १९७२ उजाडला. अमेरिकेने उत्तर व्हिएतनामच्या हैफाँग बंदरात सुरुंग पेरले, आणि दोन आठवड्यांच्या आत, २२ मेला, रशियाचा नेता ब्रेझनेव याने त्याच निक्सनचं मॉस्कोत स्वागत केलं. या वेळी जिना चढून मामा आला. हातात कात्रण. “तुमचेही गेले, दाजी.” वडील खूप वेळ खाली बघत बसले. आईने चहा टाकला. त्या वर्षी मामा भाऊबीजेला आला.

२०२२ च्या फेब्रुवारीत, पुतिन आणि शी जिनपिंग यांनी ‘अमर्याद मैत्री’ जाहीर केली तेव्हा, माझ्या मामेभावाचा फोन आला. “बघ, भाऊ-भाऊ एक झाले. माझे वडील बरोबर होते.” हा वाद आमच्यात अजून चालू आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

भाऊ-भाऊ एक झाले हे खरं नाही. आता थोरला चीन आहे आणि रशिया मुकाट्याने धाकटा झाला आहे. २०२३ मध्ये दोघांचा व्यापार सुमारे २४० अब्ज डॉलरचा होता. युरोपने पाठ फिरवल्यावर रशियाच्या तेलाला चीन आणि भारत हीच मोठी गिऱ्हाइकं उरली. दुसरं, ४२०० किलोमीटरच्या सीमेचा तंटा त्यांनी १९९१ ते २००८ या काळात बसून मिटवला, शेवटी एक बेट अर्धं अर्धं वाटून घेतलं. दमान्स्की तर चीनलाच मिळालं. ज्या दारातून निक्सन शिरला ते त्यांनी स्वतः लावून घेतलं आहे. त्यामुळे आज बाहेरून कोणी रशियाला कितीही सवलती दिल्या तरी तो चीनला सोडेल असं मला वाटत नाही. धाकटेपण रशियाला कधी डाचेल, यावर लक्ष ठेवा. माओला ते डाचायला लागून फुटीपर्यंत सात-आठ वर्षं लागली होती.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पक्ष फुटला तो फक्त चीनवरून नाही, काँग्रेसशी कसं वागायचं हा वाद त्याहून जुना होता. आणि निक्सन-माओ भेटीत तैवान आणि व्हिएतनाम हेही विषय होते, सगळं रशियाच्या धास्तीवर घालता येत नाही.

मामेभावाने हे वाचलं तर त्याच्यासाठी: १९६२ मध्ये सीमेवर काय घडलं याबद्दल अण्णामामा चुकलाच होता. पण मताबद्दल त्याला तुरुंगात टाकणं हाही अन्याय होता, आणि माझ्या वडिलांनी ठरावाला हात वर केला तसा त्या अटकेविरुद्धही वर करायला हवा होता. त्यांनी केला नाही.