लातूरचे निजामकालीन कागद ऑनलाइन शोधताय?

आधी जिल्हा बदला. लातूर 1982 साली वेगळा झाला. त्याआधी लातूर-औसा उस्मानाबादखाली, तर उदगीर, निलंगा, अहमदपूर 1956 पर्यंत बिदरखाली. जालना 1981 पर्यंत औरंगाबादेत, हिंगोली 1999 पर्यंत परभणीत. जुन्या इंग्रजी कागदांत बीड 'भीर' होऊन येतं, अंबाजोगाई 'मोमिनाबाद'. आजच्या नावाने शोधलं की शून्य निकाल, आणि माणूस समजतो कागदच नाहीत.

दुसरा घोळ सनाचा. हैदराबादी फसलीत, म्हणजे निजामाच्या महसुली सनात, 590 मिळवा की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरात लागायचं, म्हणून 1357 फसली म्हणजे 1947-48.

राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल आहेच, तिथे नोंदणी करून ठेवा. विद्यापीठाने विकत घेतलेले डेटाबेस मात्र बहुधा कॅम्पसच्या नेटवर्कवरच उघडतात. घरून बघायचे तर ग्रंथालयात रिमोट लॉगिन मागा. पैसे मागणारं पान आलं तर कार्ड काढू नका, बहुतेक लॉगिनच झालेलं नसतं.

उर्दू हस्तलिखिताचं स्कॅन म्हणजे नुसता फोटो. आतला शब्द शोधून सापडत नाही. सरकारी खातं (विभाग) आणि सन यांवरून फाइल गाठायची, मग एकेक पान उलटायचं. उतरवल्याबरोबर पीडीएफच्या नावात खातं, सन, फाइल क्रमांक टाका. 'स्कॅन-3' महिन्याभराने कुणालाच ओळखू येत नाही.