पिल्लू घरी आणण्याआधी डॉक्टर ठरवावा

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त असून सिंहगड रस्त्यावर राहतो. सोसायटीच्या आवारात जन्मलेले अडीच महिन्यांचे एक देशी पिल्लू (मादी) पाळायचे आम्ही ठरवले आहे. जवळपास दोन-तीन दवाखाने आहेत. त्यांपैकी कोणता निवडावा आणि पेन्शनमधून या खर्चाची तरतूद कशी करावी? मुलगा विमा काढायला सांगतो आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : पिल्लू आजारी पडल्यावर दवाखाना शोधण्याची वेळ येऊ नये, म्हणून आधीच चौकशी करत आहात हे उत्तम. पाटीवर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर दवाखान्याच्या सजावटीपेक्षा डॉक्टरांच्या कामाच्या पद्धतीकडे लक्ष द्यावे. चांगला डॉक्टर सुई हातात घेण्याआधी पिल्लाचे वजन करतो, ताप पाहतो, ओठ वर करून हिरड्यांचा रंग तपासतो. लस फ्रीजमधून आपल्यासमोर काढतो आणि बाटलीवरचे लेबल लसीकरणाच्या कार्डावर चिकटवून तारीख घालून सही करतो. रात्री-अपरात्री गरज पडल्यास कोठे जायचे, हेही पहिल्याच भेटीत विचारावे. पुष्कळ दवाखाने रात्री बंद असतात, आणि कुत्रे पाहून रिक्षावाले नाही म्हणतात, हा अनुभव अनेकांना आहे. त्यामुळे वाहनाची सोयही तेव्हाच ठरवून ठेवलेली बरी. औंध येथे शासनाचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. तेथील शुल्क माफक असते, मात्र सिंहगड रस्त्यावरून ते लांब पडते. माझे मत विचाराल, तर नेहमीसाठी घराजवळचा डॉक्टर आणि मोठ्या तपासण्यांसाठी दुसरे ठिकाण, अशी विभागणी सोयीची ठरते.

खर्चातील काही भाग आधी कळणारा असतो, काही अचानक उद्भवणारा. पहिले वर्ष सर्वांत खर्चाचे, कारण पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांवरच्या एकत्रित लसीचे डोस साधारण चार महिन्यांचे वय होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस येते, जंतनाशकाचे डोस चालूच असतात आणि पुढे नसबंदीची शस्त्रक्रिया असते. मादीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागत असल्याने ती नराच्या शस्त्रक्रियेपेक्षा महाग पडते. या सर्वांचा अंदाज डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्यावा. त्यात संकोच करण्याचे कारण नाही. जंतनाशक आणि गोचीड मारणाऱ्या औषधांची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे पिल्लू वाढेल तसा हा खर्चही वाढेल, हे मात्र त्या कागदावर बहुधा नसते.

अचानक येणाऱ्या खर्चात पार्व्हो आणि गोचीडताप या दोन आजारांचा विचार प्रामुख्याने करावा. पिल्लू खाणे सोडून वारंवार उलट्या करू लागले, दुर्गंधीयुक्त रक्ताची जुलाब सुरू झाली, तर सकाळची वाट पाहू नये. पार्व्होमध्ये शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते आणि काही दिवस सलाइनवर ठेवावे लागते. गोचीडतापात ताप, मरगळ, फिकट हिरड्या, कधी नाकातून रक्त अशी लक्षणे दिसतात, व रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अंदाजाने देऊन पैसे वाचवण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून होणाऱ्या विषबाधेवरचा उपचार अधिक महाग असतो. अशा प्रसंगांसाठी बँकेत छोटी आवर्ती ठेव आजच सुरू करावी, आणि ती जमेपर्यंत एका आठवड्याच्या उपचाराला पुरेल इतकी रक्कम बचत खात्यात बाजूला ठेवावी.

विम्याबाबत मुलाचे म्हणणे चुकीचे नाही, परंतु घाईही नको. अशा पॉलिसींमध्ये लसीकरण, जंतनाशक यांसारखा नेहमीचा खर्च बहुधा धरलेला नसतो, सुरुवातीला प्रतीक्षा काळ असतो आणि वयाचीही अट असते. देशी कुत्र्याला पॉलिसी लागू आहे का, ओळखीसाठी मायक्रोचिप लागते का, दावा करताना कोणती मूळ बिले मागितली जातात, हे लेखी विचारून मगच हप्ता भरावा. ठेव सुरू झाल्यावर हा निर्णय दोन महिन्यांनी घेतला तरी चालेल. रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र मात्र जपून ठेवावे. पुणे महानगरपालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना काढताना ते दाखवावे लागते.