कोड दिसतो म्हणजे ओपन सोर्स झालं का?

तुमचा प्रश्न असा: नेरुळच्या क्लासची फी सांभाळायला एक सॉफ्टवेअर मिळालंय, पैसे मागत नाहीत, कोड गिटहबवर (प्रोग्रॅमर कोड ठेवतात त्या साइटवर) दिसतो, मग ते फ्री अँड ओपन सोर्सच ना? एवढ्यावरून सांगता येणार नाही. लायसन्सची, म्हणजे वापराच्या अटींची, फाइल उघडलीत का?

मीही उघडली नव्हती. ठाण्यात वर्तकनगरला आमची ६४ फ्लॅटची सोसायटी. मेंटेनन्सची बिलं काढायला असंच एक फुकटातलं सॉफ्टवेअर घेतलं, पानावर ठळक अक्षरांत ‘ओपन सोर्स’. पहिल्याच महिन्यात फ्लॅट भाड्याने दिलेले एक काका बिल नाचवत आले. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. यांना सिंकिंग फंडासकट (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीची गंगाजळी) अख्ख्या बिलावर १० टक्के लागले होते. कोड हाताशी होता म्हणून रात्री बसून ती ओळ शोधली, बदलली आणि सकाळी काकांना नवीन बिल दिलं. मी जाम खूश.

मग आमच्या ऑडिटरनी विचारलं, “हे दुरुस्त केलेलं माझ्या बाकीच्या सोसायट्यांना लावून देऊ का?” तेव्हा कुठे लायसन्स वाचलं. व्यावसायिक वापराला बंदी, आणि बदललेली प्रत दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. म्हणजे चूक सुधारा, पण आपल्या घरापुरती.

अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमननी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. त्या चळवळीने पुढे चार स्वातंत्र्यं मांडली: प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी चालवा, कोड वाचून बदला, प्रत दुसऱ्याला द्या, बदललेली प्रतही द्या. आमच्या सॉफ्टवेअरने यातलं फक्त दुसरं दिलं होतं. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ चं. कुठल्या लायसन्सला ओपन सोर्स म्हणायचं ते ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेचे दहा निकष डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या नियमांवरून घेतलेत, आणि त्यातला सहावा म्हणतो की कामाच्या क्षेत्रावरून भेद करायचा नाही. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ ही अट कितीही सोज्वळ वाटली तरी तिथेच बाद होते. ‘नॉन-कमर्शियल’ही. तुम्ही फी घेता, तेव्हा हे तुम्हाला थेट लागू आहे.

पैशाचा मुद्दा वेगळा. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन शब्द असूनही आपण इंग्रजीतला ‘फ्री’ उसना घेऊन गोंधळतो. खुद्द स्टॉलमन १९८५ च्या सुमारास ईमॅक्स या आपल्या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला विकत होते. विकायला कुणाचीच ना नाही.

लायसन्सची बंधनं हे फक्त छोट्या प्रकल्पांचं दुखणं नाही. टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स २०२३ मध्ये बदलून बंधनं आली, तेव्हा लोकांनी जुन्या, खुल्या आवृत्तीवरून ओपनटोफू उभं केलं. मला विचाराल तर खरी परीक्षा हीच. मालकाशी बिनसलं तर जुना कोड घेऊन वेगळी चूल मांडता येते का?

तुमच्या फाइलमध्ये एमआयटी, अपाची २.० किंवा जीपीएल यांपैकी एखादं ओपन सोर्स लायसन्स असेल तर निर्धास्त वापरा. फक्त खाली ‘कॉमन्स क्लॉज’ नावाचं ठिगळ जोडलेलं नाही ना, ते पाहा. ते विकण्याचा हक्क काढून घेतं. आणि फाइलच नसेल तर? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलाय, त्यामुळे काहीच लिहिलेलं नाही म्हणजे सगळे हक्क लेखकाकडे. लेखकाला गिटहबवर इश्यू (जाहीर प्रश्न) टाकून विचारा, आणि तेही मुलांची नावं भरायला घेण्याआधी.

आमच्या ऑडिटरनी त्या लेखकाला दोनदा मेल केला. उत्तर आलं नाही. बाकीच्या सोसायट्यांचं नॉन-ऑक्युपन्सी ते अजून एक्सेलमध्येच काढतात.