आधी वजन, मग टाके

प्रश्न : सिस्टर, तुम्ही तिन्ही पाळ्यांची नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी फाटलेल्या ओठांच्या मुलांच्या शिबिराला जाता, असं नणंदेकडून कळलं. ऑपरेशन तर डॉक्टर करतात. मग तुम्हाला त्यातून काय मिळतं?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, पुण्य म्हणाल तर मी पंचवटीत राहते, रामकुंड पायी जाण्याएवढं जवळ आहे. त्यासाठी शिबिर कशाला?

मी जाते ती परत पाठवल्या जाणाऱ्या बाळांसाठी. ओठ शिवायचा तर बाळ साधारण दहा आठवड्यांचं, वजन पाच किलोच्या आसपास आणि हिमोग्लोबिन दहा असावं, असा भूल देणाऱ्यांचा आणि सर्जनचा ठोकताळा असतो. पेठ-सुरगाण्याकडून पहाटेची एसटी धरून आलेलं तीन महिन्यांचं बाळ काट्यावर साडेतीन किलो भरतं. मग ‘वजन वाढवून आणा’ एवढंच सांगून परत. कसं वाढवायचं, ते कोण सांगणार?

टाळूही फाटलेला असला तर बाळाला दूध ओढता येत नाही. चोखून चोखून ते दमतं, दूध नाकातून येतं, आई घाबरून पाजणंच कमी करते. आईला दाखवावं लागतं : बाळ उभं धरायचं, काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडं थोडं द्यायचं, ढेकर नेहमीपेक्षा जास्त वेळा काढायचा. नुसतं सांगून भागत नाही, तिच्या हातून करून घ्यावं लागतं. त्याला अर्धा तास हवा. ड्युटीवर माझ्याकडे तो नसतो, सुट्टीत असतो. सर्जनच्या हातातलं काम मला येत नाही, पण हे येतं.

एकदा हरसूलकडची एक आजी सुनेला सगळ्यांसमोर बोलत होती, ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं. मी म्हटलं, आजी, ओठ जुळतो तो पहिल्या दोन महिन्यांतच, तेव्हा पुष्कळ जणींना दिवस गेल्याचाही पत्ता नसतो. आजीला काही ते पटलं नाही. पण मी बोंडलं काढल्याबरोबर तिनं ते माझ्या हातातून घेतलं, ‘असं नाही, असं’ म्हणत बाळाला आडवं न करता पाजलंही. पाच पोरं वाढवलेली बाई! मग मी सुनेऐवजी तिलाच वजनाचं सांगितलं. पुढच्या वेळी वजन भरलं होतं. ग्रहणाचं मात्र ती अजूनही तेच म्हणते.

प्रश्न : भाचीच्या बाळाचा ओठ आणि टाळू दोन्ही फाटलेत. एकाच वेळी शिवत नाहीत का?
– एक मावशी, सिन्नर

उत्तर : सहसा नाही. ओठ तीन ते सहा महिन्यांत, टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत. टाळूनंतर बोलणं स्पष्ट होण्यासाठी स्पीच थेरपी लागू शकते, कानही तपासून घ्यावे लागतात, म्हणून ओठ शिवला की येणं थांबवू नका. खर्चाची चिंता असेल तर अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. २०१३पासूनच्या या सरकारी योजनेत हे व्यंग येतं आणि उपचार मोफत असतात. आणि बाळाचं वजन आजच करून घ्या.